बूच

कोर्चो म्हणजे बूच.
वालपराईसोच्या धक्क्यावर, दोन बोटींच्या मधल्या तेलकट पाण्यात
बुडायला तयार नव्हता, म्हणून हे नाव.
आठ वर्षं झाली. आता सहा किलोंचा बोका,
आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर मालकी त्याची.

मंगळवारी सकाळी तो मातीच्या डब्यात गेला.
बाहेर आला. परत गेला.
मी बोल्दोचा काढा ढवळत होतो, मोजलं नाही.
मी! टेकडीवरची रुळांची लिफ्ट पस्तीस वर्षं चालवलेला,
चढणारे-उतरणारे मोजण्याचाच ज्याला पगार होता.

कोठा जड झाला असेल, म्हटलं.
चमचाभर तेल दिलं, त्यानं तोंड फिरवलं.
भिंतीपलीकडच्या घरात माशाचा डबा उघडला
तरी इकडे कान टवकारणारा हा प्राणी
दिवसभर बशीसमोर बसून
बशीच्या पलीकडे बघत राहिला.
मधेच खाली वाकून स्वतःला चाटत सुटायचा,
पुसायचं काही राहिलंय असं.

शेजारची यानिरा म्हणाली, मांजरं अशीच,
आपली आपण बरी होतात.
थोडं खरंही आहे.
शिंका आल्या, गेल्या.
केसांचा गोळा ओकला, तासाभरात पुन्हा भुकेला.
एकदा लंगडला, तिसऱ्या दिवशी छपरावर.
असल्यासाठी कोण टेकडी उतरतं?

रात्री दोनला उठलो, रोज उठतो तसा.
न्हाणीत उभा राहिलो,
एक हात भिंतीला, नळ जरासा सोडलेला,
थेंबाची वाट बघत.
आणि खाली, माझ्या पायाशी, डब्यात
तोही तसाच. पाठीची कमान, शेपटी थरथरती,
नजर कुठेच नाही.
दोन म्हातारे, एकाच रांगेत.
माझं आलं, कुरकुरत.
त्याचं नाही आलं.

गुडघे टेकून माती चाचपली.
कोरडी. सगळीकडे कोरडी,
कोपऱ्यात एक गुलाबी ठिपका, मसुराएवढा.
मग त्यानं आवाज काढला,
आठ वर्षांत कधी न ऐकलेला, खालच्या पट्टीतला,
धुक्यात वाट चुकलेल्या बोटीचा.

उद्या बघू.
हे दोन शब्द या पत्र्याच्या घरात फार वापरून झालेत.
ग्रासिएलाही म्हणायची, उद्या बघू,
कुशीवर हात दाबून, वर हसून.
तिनं दुखणं अंगावर काढलं.
मी काढू दिलं.

संत्र्यांचं खोकं, खोक्यात टॉवेल, टॉवेलात कोर्चो.
रात्री लिफ्ट बंद असते.
एकशे एकसष्ट पायऱ्या. या वेळी मोजल्या.

डॉक्टर माइतेन, वय माझ्या नातीएवढं,
पोटाला एकदाच हात लावला आणि जांभई अर्धी सोडून दिली.
कधीपासून?
रात्रीपासून, म्हटलं.
तिनं नुसतं बघितलं.
सकाळपासून, म्हटलं.

माझी बोटं धरून तिनं तिथं हळूच टेकवली.
लिंबू. कच्चं, टणक, हलत नाही असं.
बोक्यांची नळी बारीक असते, म्हणाली,
वाळूसारखे खडे अडकतात, मग विष उलटं रक्तात चढतं.
आणखी एक दिवस ‘बघू’ म्हटलं असतंत
तर मला फक्त तुमचं सांत्वन करता आलं असतं.

काचेतून बघत होतो.
झोपवलेला कोर्चो, जीभ थोडी बाहेर,
आणि नळीच्या टोकाच्या पिशवीत
लालसर, गढूळ, पहिला थेंब.
दुसरा.
बाराव्यानंतर मला मोजता येईना,
डोळ्यांत काय झालं होतं कोण जाणे.

तीन दिवस ठेवायचं म्हणाली. पैसे हप्त्यानं.
वाचेल का, विचारलं.
लघवी होतेय, म्हणाली. एवढंच.

वर चढताना दर वळणावर थांबलो.
घरी साखरेच्या डब्याखाली
हॉस्पिटलचा कागद आहे, माझ्या नावाचा, जानेवारीपासून.
वरची तारीख कधीच उलटून गेली,
खाली फोन नंबर आहे, आठनंतर लागतो.

त्याच्या खुर्चीत बसलो.
केस होते, झटकले नाहीत.
पावणेसात.
आधी कोणता नंबर फिरवायचा
ते अजून ठरत नव्हतं.